आन्हेच्या डॅशबोर्डावरची टिकली

शिरीष देवस्थळींनी सिंगापुरात स्वतःची गाडी कधी घेतली नाही. बुकित बातोकच्या घरातून एमआरटीने, म्हणजे तिथल्या मेट्रोने, आंग मो किओच्या ऑफिसला जायचं आणि तसंच परत यायचं, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा क्रम. पण एका चिनी गाडीच्या चार पिढ्या त्यांच्या हाताखालून गेल्या. आन्हे तिचं नाव. चिनीत म्हणे सुखशांती. शिरीषराव म्हणायचे, "नाव तिचं शांती, पण मला तिनं दिली नाही."

त्यांचं काम गाडीतला एसी. पुण्याला असतानाही तेच करत होते. आन्हे उष्ण देशांत विकायची असं चिनी कंपनीने ठरवलं आणि इथे एक छोटं ऑफिस उघडलं. इथे बारा महिने तोच उकाडा आणि तोच घामट दमटपणा, त्यामुळे गाडी तपासायला दुसरं हवामान शोधायला नको. शिरीषराव त्या ऑफिसात आले, आणि ऋता, त्यांची मुलगी, तेव्हा पाळण्यात होती.

आन्हे ही घरच्यांची गाडी. पुढे मुलगा-सून, मागे आजी-आजोबा आणि त्यांच्या मधे नातवंड, असा हिशोब धरून केलेली. पण पहिली आन्हे आली ती एका जुन्या जपानी गाडीचा सांगाडा विकत घेऊन, आणि एसी उत्तर चीनच्या थंडीच्या मापाने. इथे पुढच्याचे गुडघे गारठायचे आणि मागच्या आजोबांच्या पाठीला घामाच्या धारा. काचेवर बाहेरून इतकं धुकं धरायचं, की पाऊस नसताना वायपर लावावा लागे. शिरीषरावांनी कळवलं, मागच्या सीटला वेगळी हवा द्या. तिकडून उत्तर आलं, "श्या त्स." म्हणजे पुढच्या वेळी. ते शिकलेले हे पहिले चिनी शब्द.

दुसऱ्या आन्हेची लांबी वाढली. म्हाताऱ्यांना पाय पसरता यावेत म्हणून. मागे हवेची जाळीही मंजूर झाली, आणि मग स्वस्त मॉडेलमधून काढून टाकली. खपलं ते स्वस्तच. तिसरी आन्हे बॅटरीवर चालणारी. जाहिरातीत एका चार्जमध्ये किती किलोमीटर जाते त्याचा आकडा मोठा दिसायला हवा, म्हणून एसीचं पोट मारलं. जेवणात पापडाची जी किंमत, ती त्या गाडीत एसीची. असला तर उत्तम, नसला तर कोण उपाशी राहतंय. "श्या त्स," पुन्हा.

चौथी आन्हे मात्र वेगळी निघाली. आता शिरीषरावांची निवृत्ती जवळ आली होती, हे त्यांचं शेवटचं काम. आणि कधी नव्हे ते मागितलेलं सगळं मिळालं. मोठा कॉम्प्रेसर मिळाला. मागच्या सीटला हवा मिळाली, तीही सगळ्या मॉडेल्सना. गाडी स्वतः ऊन ओळखून हवा कमीजास्त करणार होती. त्यासाठी डॅशबोर्डावर, काचेच्या पायथ्याशी, उन्हाचा सेन्सर बसवला होता. मोठ्या टिकलीएवढा काळा, जरा फुगीर. आधीच्या गाड्यांत तो कोपऱ्यात असायचा. यात तो अगदी मधोमध आला आणि भोवती एक सुबक गोल कडं. डावीकडे स्टिअरिंग असलेल्या गाडीला आणि आपल्याकडच्या उजवीकडच्या गाडीला एकच डॅशबोर्ड चालावा, म्हणून ही सोय.

घरच्या वापरात गाडी कशी वागते हे बघायला ऑफिसने एक नमुना गाडी त्यांना घरी दिली. सुलेखावहिनींना, त्यांच्या पत्नीला, कोण आनंद. कारपार्कच्या वरच्या मजल्यावर त्यांनी बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकांखाली लिंबं ठेवली. नारळ मात्र फोडला नाही, कचरा केल्याचा दंड भरायची तयारी नव्हती. तो नुसता ओवाळून घरी नेला. मग पर्समधून संगमरवरी भुकटीचे छोटे गणपती काढले आणि त्या गोल कड्यात चिकटवले. अगदी मापात बसले.

"बघा हो, कंपनीनं बाप्पासाठी चौरंगच करून ठेवलाय."

शिरीषरावांनी हात जोडले आणि गाडी सुरू केली.

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या जिवाला घोर. सकाळी गाडी ठीक. दुपारी ऊन चढलं, की एसी मरगळे. ऊन कितीही वाढो, पंखा आपला हळूच. ऑफिसातली दुसरी नमुना गाडी भर उन्हात थंडगार आणि हीच रडकी. त्यांनी गॅस तपासला, पंखा बदलला, वायरी उकलल्या. चीनच्या सॉफ्टवेअरवाल्यांना लिहिलं, तुमच्या प्रोग्राममध्ये खोट आहे. त्यांनी उलट लिहिलं, तुमच्या मोजमापात आहे. साहेब मिस्टर कोह रोज टेबलाशी येऊन उभे राहायचे.

"शिरीष, चीफ विचारतोय. तू ह्या गाडीला अजून काय काय बदलणार? ड्रायव्हर पण बदलू का?"

घरी ऋता वेगळीच, तीही सिंगापुरी इंग्रजीत. "बाबा, धिस कार वर्स दॅन बस लाह. मी एमआरटीने जाते."

पंधरवडा असा गेला. चिडचिड इतकी, की देवघरातली घंटा जोरात वाजली तरी बोलायचे. वहिनींनी बाप्पाला जास्वंद वाहिली आणि मनात म्हणाल्या, एवढी यांची गाडी मार्गी लाव.

एका शनिवारी दोघं लिटिल इंडियात पूजेचं सामान आणायला निघाली. सेरंगून रोडवर गाड्यांची रांग, माथ्यावर ऊन, आणि आतल्या जाळ्यांतून आजारी माणसाच्या श्वासासारखी हवा. बाप्पाच्या कपाळावरचं गंध उन्हाने ओघळलं होतं. वहिनींनी मूर्ती सोडवून मांडीवर घेतली आणि पदराने पुसू लागल्या.

तोच गाडीत घुं असा आवाज झाला आणि गार वाऱ्याचा झोत आला. वहिनींचा पदर उडाला.

"अगंबाई," त्या म्हणाल्या, "मांडीवर आले नि वारा सुटला बघा."

शिरीषरावांनी गाडी कडेला घेतली. त्यांच्या हातून मूर्ती घेतली आणि कड्यात ठेवली. वारा मंदावला. उचलली. वारा भरून आला. पुन्हा ठेवली, पुन्हा उचलली. मागचा टॅक्सीवाला हॉर्न देऊन थकला.

टिकलीवर देव बसले होते. गाडीला वाटत होतं, बाहेर आभाळ आलंय.

पंधरवडाभर रोज सकाळी त्यांनी त्याच जागेकडे बघून हात जोडले होते. वायर न् वायर उकलली, पण डॅशबोर्डावर गणपती आहे हे त्यांना दिसलंच नाही. तो तिथे असायचाच. स्टिअरिंगकडे काय कुणी बघतं?

"म्हणजे दोष बाप्पाचा?" वहिनींचा आवाज जरा ओला झाला.

"दोष जागेचा गं. त्या कड्यात कुणीही काहीतरी ठेवणारच."

संध्याकाळी ते आपल्याच कारपार्कमध्ये काचांतून डोकावत हिंडले. कुठे क्वान यिन देवी, कुठे पोटावर हात ठेवून हसणारा बुद्ध, कुठे पंजा हलवणारं सोनेरी मांजर, आणि आपल्या लोकांचे गणपती तर होतेच. बहुतेक सगळे मधोमध. त्यांनी फोटो काढले आणि सोमवारच्या मीटिंगला पडद्यावर लावले. पलीकडे चीनमधून चीफ इंजिनिअर शेन बसले होते. वयाने लहान, पण बोलायला अदबशीर.

सगळा प्रकार ऐकून आधी सगळे हसले. मिस्टर कोह तर डोळे पुसत होते.

"सोपं आहे, शिरीष. बायकोला सांग देव हलव. एकदम फ्री."

"माझ्या बायकोला सांगेन हो," शिरीषराव म्हणाले. "बाकीच्यांच्या बायकांना कोण सांगणार? मिस्टर शेन, तुमच्या आईच्या गाडीत काही नाही का?"

"आईच्या गाडीत आहे," शेन म्हणाले. "पण देवस्थळी, डॅशबोर्डाचा साचा कापून झाला आहे. सेन्सर कोपऱ्यात न्यायचा तर दोन बाजूंच्या गाड्यांना दोन साचे लागतील. हे आता होत नाही. तुम्हालाही ठाऊक आहे."

ठाऊक होतं. म्हणून त्यांनी दुसरी वाट काढून आणली होती. आरशामागे उजेड ओळखणारा आणखी एक सेन्सर असतोच, संध्याकाळी दिवे आपोआप लागावेत म्हणून. तो म्हणतोय लख्ख दिवस आहे आणि टिकली म्हणतेय अंधार, तर गाडीने टिकलीचं ऐकू नये. धातूचा एक कणही बदलायला नको, प्रोग्राममध्ये चार ओळी घालायच्या.

शेननी मान डोलावली. कल्पना चांगली आहे, म्हणाले. सॉफ्टवेअरवाल्यांचे हात गाडी बाजारात येईपर्यंत भरलेले आहेत, म्हणाले. मग थोडं ओशाळून, "श्या त्स."

"मला पुढची वेळ नाही," शिरीषराव म्हणाले. मिस्टर कोह कागद चाळू लागले.

ठरलं ते एवढंच, की माहितीपुस्तिकेत सूचना घालायची, आणि ती शिरीषरावांनीच लिहायची. ते लिहायला बसले. 'काचेच्या पायथ्याशी मध्यभागी असलेल्या सेन्सरवर कोणतीही वस्तू ठेवू नये.' लिहून वाचलं. देव ही वस्तू म्हणायची का, यावर त्यांनी मिस्टर कोहशी वाद घातला आणि तोही हरले.

वहिनींनी बाप्पांना डावीकडे बसवलं. गाडी थंड झाली, शिरीषराव झाले नाहीत. जेवताना मधेच म्हणायचे, "चार ओळी. फक्त चार ओळी."

"बाप्पा एवढे विघ्नहर्ते, ते निमूट हलले," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही काही हलायला तयार नाही. आमटी निवतेय."

"वीस वर्षं लोकांना मागच्या सीटवर गार हवा मिळावी म्हणून भांडलो. मिळाली. आणि आता एका टिकलीपायी ती त्यांना लागणार नाही. मला किती त्रास होत असेल, तुला कळतंय का?"

"कळतंय म्हणून तर वाढतेय," त्या म्हणाल्या आणि भात वाढला.

आन्हे बाजारात आली. रविवारी शोरूमबाहेर भर उन्हात दोन गाड्या फिरवून बघायला ठेवल्या होत्या. शिरीषराव वहिनींना आणि ऋताला घेऊन गेले. एक वयस्क चिनी जोडपं गाडीत बसून बघत होतं. काका मागे, अंगात जाकीट घालून, काकू पुढे. शोरूमचा विक्रीवाला तरुण त्या गोल कड्यावर बोट ठेवून सांगत होता, "ऑन्टी, ही जागा बघा. क्वान यिनसाठी परफेक्ट."

ऋताने बाबांचा हात धरला. "बाबा, डोन्ट लाह." पण ते उघड्या दारातून वाकले होते.

"ऑन्टी, इथे नको. डावीकडे ठेवा."

"डावीकडे कशाला? मधे छान दिसते." काकूंनी त्यांना वरखाली न्याहाळलं. "तुम्ही कोण?"

"मी एसीवाला. इथे हात ठेवून बघा."

काकूंनी तळहात टिकलीवर ठेवला. थोड्या वेळाने जाळ्यांतला वारा हळू झाला. हात काढला, वारा आला. शिरीषरावांना हायसं वाटलं. निदान एका माणसाला तरी पटलं. काकूंनी पुन्हा हात ठेवला, पुन्हा काढला. मग वळून नवऱ्याशी आपल्या भाषेत भराभर बोलल्या. मागून काकांनी समाधानाने मान हलवली.

"व्हेरी गुड," काकू शिरीषरावांना म्हणाल्या. "ह्याला एसीची थंडी फार वाजते, रोज भांडण. क्वान यिन इथेच ठेवते."

शिरीषरावांनी तोंड उघडलं. त्यांना सांगायचं होतं, की पंखा कमी करायला समोर पडद्यावर बटण आहे, मागच्या सीटला तर वेगळं आहे, तेवढ्यासाठी ते किती वर्षं भांडले होते. पण काकू आता रंग कोणता घ्यावा हे विचारत होत्या, आणि तो विक्रीवाला तरुण आपला तळहात टिकलीवर ठेवून, उचलून बघत होता. पुढच्या गिऱ्हाइकाला कसं सांगायचं, ते मनाशी जुळवत होता.