निळ्या नाण्यावरचा अंगठा

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या या गृहस्थांना सगळे भिंगवाले म्हणत. दुकान जेमतेम एक माणूस आणि एक काउंटर मावेल एवढं. पण जीव होता तो काउंटरखालच्या खणात. तिथे तांब्याची जुनी नाणी होती, आणि तीही रंग चढलेली. तांबं एरवी तपकिरी पडतं. एखादं नाणं मात्र कागदात किंवा कापडात वर्षानुवर्षं न हलता पडून राहिलं, तर त्यावर जांभळी, निळी, क्वचित हिरवी झाक चढते. तीस वर्षं कागदी पाकिटं बदलत बसूनही भिंगवाल्यांकडे अशी नाणी अकराच होती. त्यातल्या जांभळ्या नाण्याने संग्राहक मंडळाच्या प्रदर्शनात प्रेक्षकपसंतीचा पेला ओळीने नऊ वर्षं पटकावला होता. त्या पेल्यांत बायको सेफ्टी पिना ठेवायची.

दहाव्या वर्षी साडू आडवा आला.

साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. जुने सोफे, खुर्च्या उसवून नव्याने शिवायच्या, हा त्याचा धंदा. नाण्यांतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. एका आरामखुर्चीचं अस्तर फाडताना त्याच्या मांडीवर एक नाणं पडलं, आणि रविवारी दुपारी ते काडेपेटीत, कापसावर ठेवून, तो बायकोसह भिंगवाल्यांच्या घरी हजर झाला.

“साडूभाऊ, बघा बरं. ठेवू की फेकू?”

भिंगवाल्यांनी डोळ्याला भिंग लावलं. या कडेपासून त्या कडेपर्यंत निळं, आणि मधे पारव्याच्या मानेसारखी हिरवी लकेर. आपलं जांभळं नाणं याच्याशेजारी वांग्यासारखं दिसेल, हे त्यांना तत्क्षणी कळलं. तीस वर्षं पाकिटं आपण बदलली, आणि नाणं पडलं याच्या मांडीवर!

“रंग दिलेला दिसतो,” ते म्हणाले. “गॅसवर तापवून काढतात असे रंग.”

“भाऊजी, आमच्याकडे चहा वेळेवर तापत नाही,” मेव्हणी म्हणाली, “नाणी कोण तापवतंय!”

सगळे हसले. भिंगवालेही हसले आणि त्यांनी मूठभर खारे शेंगदाणे तोंडात टाकले.

नाणं धरायचं ते कडेने, हा या छंदातला पहिला धडा. मंडळात तो भिंगवाल्यांनीच शंभरदा शिकवलेला. बोटाचा घाम तांब्याला लागला तर त्या दिवशी काहीच दिसत नाही. पाच-सहा महिन्यांनी ठसा काळा होऊन वर येतो, आणि वरचा रंग खरवडल्याशिवाय तो जात नाही.

साडू पाणी प्यायला उठला. दोघी बहिणी पडद्याच्या कापडात गुंतल्या होत्या. भिंगवाल्यांनी मिठाने माखलेला उजवा अंगठा नाण्याच्या बरोबर मधोमध टेकवला आणि मनात दहा आकडे मोजले. मग नाणं कापसावर ठेवून ते म्हणाले, “ठेवा. प्रदर्शनात मांडा.”

“तुम्ही म्हणताय म्हणजे झालंच,” साडू म्हणाला.

प्रदर्शन सात महिन्यांवर होतं. ते सात महिने भिंगवाल्यांना झोप छान लागली.

प्रदर्शनाच्या सकाळी ते सभागृहात शिरले, तर साडूच्या टेबलाशी ही गर्दी. ठसा उमटला होता, अगदी ठरल्याप्रमाणे. निळ्यावर काळ्या रेषा, एकूण एक मोजता येईल अशी. पण लोक नाक मुरडत नव्हते. “कुठल्या काळातला माणूस असेल हो!” असं म्हणत रांग लावत होते. एका मुलीने काचेवर स्वतःचा अंगठा ठेवून मापही जुळवून पाहिलं.

भिंगवाले वाकले. ठशाच्या मधून एक तिरपी कोरी रेघ गेली होती. उमेदवारीच्या वर्षी घड्याळाची पाठ उघडताना सुरी अंगठ्यावर घसरली होती, त्याची ती खूण. त्यांनी उजवा हात खिशात घातला.

“माझ्या नजरेला हा आधी दिसलाच नाही,” साडू सांगत होता. “माझी नजर कुठे साडूभाऊंसारखी!”

मंडळाचे अध्यक्ष निवृत्त दंतवैद्य होते. त्यांची किडीवर नजर बसलेली. “भिंगवाले,” ते म्हणाले, “नाणं पहिल्यांदा तुम्ही पाहिलंत. तेव्हा होता का हा ठसा? नसेल, तर तो आत्ताचा, घरातल्याच कुणाचा तरी.”

साडू, मेव्हणी, बायको, सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं.

“होता,” भिंगवाले म्हणाले.

“किती जुना असेल?”

“असेल शंभरेक वर्षांचा.”

भिंगवाल्यांच्या शब्दावर मंडळात कुणी शंका घेत नसे. पेला साडूला मिळाला. जांभळ्या नाण्याला सहा मतं पडली.

“ज्याचा कुणाचा हा अंगठा असेल,” पेला उंचावत साडू म्हणाला, “त्याला माझा साष्टांग नमस्कार!”

टाळ्या पडल्या. माझा आहे तो, हे भिंगवाल्यांच्या अगदी ओठांवर आलं. आपल्याच अंगठ्याचा मत्सर करायची वेळ कुणावर आली असेल? त्यांनी डाव्या हाताने चहाचा कप उचलला. निम्मा चहा बशीत सांडला.

बायको शेजारी येऊन उभी राहिली. तिने नाण्याकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या खिशाकडे.

“उजव्या हाताने घ्या,” ती हळूच म्हणाली. “शंभर वर्षांच्या माणसाचा डावा हात कापतो.”