सरूचा उजवा गुडघा

खांब गावच्या शाळेमागच्या मैदानावर संध्याकाळी कोणी गेलं, तर त्याला आधी सरूची पाठ दिसायची. सलवारीवर मुलाचा जुना शर्ट, केसांचा घट्ट अंबाडा, आणि उकिडवं बसावं तशी खाली गेलेली बाई. तिच्या मागे ओळीत आठ-दहा पोरी, तशाच खाली गेलेल्या. सरूने हात पुढे टाकला की पोरी हात पुढे टाकत. ती मागे सरली की पोरी सरत. बोलणं जवळजवळ नाहीच. कबड्डी तोंडाने शिकवता येत नाही, असं तिचं मत होतं. तिला रोह्यात ज्या गुरुजींनी शिकवलं, तेही असेच पुढे उभे राहून पाठमोरे शिकवायचे.

सरूचं माहेर रोह्याजवळचं. शाळेत असल्यापासून ती डाव्या कोपऱ्याला खेळली. चढाई करणारी आत आली की तिचा घोटा धरून तिला तिथेच आडवी करायची, हे कोपऱ्याचं काम. ते खाली गेल्याशिवाय होत नाही. उभ्या माणसाच्या हाताला घोटा लागत नाही. सरू इतकी खाली जायची की समोरचीला ती बसलीय असं वाटायचं, आणि तेवढ्यात घोटा गेलेला असायचा. जिल्ह्याच्या संघातून ती खेळली. लग्न होऊन खांबला आली तेव्हाही खेळ सोडला नाही. नवरा महिपती रोह्याला कंपनीत, शिफ्टची नोकरी. त्याची पहिली पाळी असली की दुपारनंतर पोरं तो बघायचा आणि सरू सरावाला जायची. सासूने एक हंगाम तोंड फिरवलं. दुसऱ्या हंगामात ती स्वतःच मॅच बघायला आली आणि पंचाशी भांडून घरी गेली.

खेळणं थांबलं तसं शिकवणं सुरू झालं. भात, त्यानंतर त्याच वावरात वाल, आणि संध्याकाळी पोरी. सरूचं वय आता छपन्न. तिच्या हाताखालच्या कितीतरी पोरी लग्न होऊन गेल्या, दोघी पोलिसात लागल्या.

उजवा गुडघा बरीच वर्षं कुरकुरत होता. आधी पावसाळ्यात दुखायचा, मग बारमाही. सरूने त्याला कधी तेल चोळलं, कधी पट्टा बांधला, कधी शिव्या दिल्या. काम मात्र थांबवलं नाही. शेवटी एकदा बांधावरून उतरताना पाय असा अडकला की ती तिथेच बसून राहिली. मग महिपतीने तिला पेणला डॉक्टरांकडे नेलं.

अनय डॉक्टर तरुण, बोलायला साधा. त्याने फोटो उजेडावर धरून दाखवला. दोन हाडांच्या मध्ये जी फट असायला हवी, ती उरली नव्हती.

"मावशी, हा गुडघा बदलावा लागेल," तो म्हणाला. "पण घाई नाही. आज केलं नाही म्हणून काही बिघडणार नाही. तुम्हाला सोसतंय तोवर सोसा. नको वाटलं तर कराच असंही नाही."

"केल्यावर दुखायचं नाय?"

"व्यायाम केलात तर नाही. चालाल, जिने चढाल, शेतावर जाल."

"आणि खाली बसणं?"

डॉक्टरने फोटो खाली ठेवला. "मांडी नाही. उकिडवं तर अजिबात नाही. त्याने नवीन गुडघा लवकर जाईल."

सरूने मान हलवली. पैशांची सोय मुलाने करून ठेवली होती, तेव्हा ते कारण पुढे करायलाही जागा नव्हती. बाहेर आल्यावर महिपती म्हणाला, "मग?"

"मग काय. बघू."

"बघू म्हंजे कधी?"

"बघू म्हंजे बघू. तुमची काय पाळी चुकतेय?"

एसटीत ती खिडकीबाहेर बघत राहिली. दुखण्याचं तिला काही वाटत नव्हतं. दुखणं ही सवयीची गोष्ट. पण खाली बसता आलं नाही, तर पोरींना दाखवायचं काय? आणि दाखवता येत नसेल, तर मैदानावर जायचं कशाला? काठावर उभं राहून ओरडणारे बाप्ये तिने आयुष्यभर पाहिले होते. त्यांच्यात आपली भर नको.

त्यानंतर पंधरवड्याने पोरींची रोह्यात मॅच होती. समोरच्या संघाला शिकवणारी पुतळी, सरूची जुनी मैत्रीण. एके काळी पुतळी चढाई करायची आणि सरू तिचा घोटा धरायची. दोघींनी एकमेकींचं ढोपर इतक्यांदा फोडलं होतं की मैत्री होण्यावाचून गत्यंतर नव्हतं. खांबच्या पोरी त्या दिवशी हरल्या, आणि वाईट हरल्या. मनाली डाव्या कोपऱ्याला होती. सरूच्या हाताखालची सगळ्यात चांगली पोर. पण रोह्याच्या पोरी तिच्या डाव्या बाजूने, रेषेला लागून यायच्या, गुण घेऊन निघून जायच्या. मनालीचा हात दर वेळी उशिरा पोचायचा.

मॅच झाल्यावर पुतळी चहाचे दोन कप घेऊन आली.

"सरू गो, तुझ्या पोरींच्या डाव्या हाताला दार उघडंच असतं. आमी येतो, बसतो, पाणी पिऊन जातो."

"एवढं पाणी पितेस म्हणून सुटलीस," सरू म्हणाली.

"मी सुटली, तू वाकडी झालीस. लंगडतेस किती! जा की पेणला."

"जाऊन आली."

"मग?"

"खाली बसायचं नाय म्हणतो."

 पुतळीने आपला उरलेला चहा सरूच्या कपात ओतला.

घरी येऊन सरूने दोन दिवस विचार केला. विचार करून काही हाती लागेना, तेव्हा तिने नेहमीचा मार्ग धरला. जे करायचं ते आधी करून बघायचं. पुढच्या सोमवारपासून गुडघा बदललाय असं धरून चालायचं. खाली बसायचं नाही, मांडी नाही, उकिडवं नाही. हंगाम संपेपर्यंत जमलं तर ऑपरेशन. नाही जमलं तर पेणला परत जायचं नाही.

महिपतीला हे सांगितलं तेव्हा तो हसला. "ऑपरेशन न करता पथ्य? तू गो एक नमुना हायस."

"तुमाला काय करायचंय? ओटा उंच हाय, मी उभ्याने भाकऱ्या करीन."

"आणि वाल?"

वालाचंच खरं होतं. वाल उपटायचे ते पहाटे, अंगावर दव असेपर्यंत. ऊन चढलं की शेंगा तडकतात आणि दाणे मातीत जातात. सगळ्या बाया उकिडव्या बसून सरकत सरकत उपटतात. सरूने कमरेत वाकून उपटायला घेतलं. पहिल्या दिवशी तिची कंबर मोडली. दुसऱ्या दिवशी तिने चूक सुधारली. पाय फाकवून, पाठ सरळ ठेवून, हाताने न ओढता अंगाने ओढायला लागली. आठवड्याभरात ती बाकीच्या बायांच्या बरोबरीने ओळ संपवू लागली. कोणी आपल्यासाठी थांबलेलं तिला चालत नसे.

मैदानावरचं जड गेलं. पहिल्या संध्याकाळी ती सवयीने पोरींच्या पुढे जाऊन उभी राहिली, आणि मग तिच्या लक्षात आलं की खाली जायचं नाही तर पाठ करून उभं राहण्यात काही अर्थ नाही. ती मागे फिरली. पोरींकडे तोंड करून रेषेबाहेर थांबली. महिपतीने घरून प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवली होती. ती तिने वापरली नाही.

"घ्या पवित्रा," ती म्हणाली.

पोरी खाली गेल्या. सरू बघत राहिली.

आधी तिला वाटलं, मनालीचा पाय दुखतोय. मनालीचा सगळा भार डाव्या पायावर होता. उजवा पाय बाजूला फेकलेला, पंजा बाहेर वळलेला. सरूची नजर पुढच्या पोरीवर गेली. तिचाही उजवा पाय बाहेर. तिच्या पुढचीचाही. ओळीतल्या एकूण एक पोरी, धडधाकट गुडघ्यांच्या, सोळा-सतरा वर्षांच्या, एका बाजूला कलून बसल्या होत्या. भार डाव्या पायावर असला की माणूस उजवीकडे झेप घेऊ शकतो. डावीकडे जायला उजव्या पायाचा जोर लागतो, आणि तो पाय तर मोकळा पडलेला.

ती मनालीजवळ गेली. "उजवा पाय असा का टाकतेस?"

मनालीने मान वर केली. काय विचारलं तेच तिला कळलं नाही. "असाच टाकायचा ना, मावशी?"

"कोणी सांगितलं?"

"तुम्ही टाकता तसा."

ओळीतली निशिगंधा मागून म्हणाली, "मला तर पहिल्यांदा जमतच नव्हता. महिनाभर घरी करत होते."

सरू दोन पावलं मागे सरली आणि त्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसली. मग तिला हसू आलं. आवाज न करता ती हसत राहिली, खांदे हलत होते. पोरी एकमेकींकडे बघायला लागल्या. दुखरा गुडघा वाचवायला तिने पाय बाजूला काढला होता, तोही न कळत, कधीपासून कोण जाणे. आणि या पोरी मागे बसून तो मन लावून घोटत होत्या. कामचुकार पोरी असत्या तर असं झालंच नसतं.

"उठा," ती म्हणाली. "माझं चुकलं. सगळं पहिल्यापासून."

पुढचे दिवस कष्टाचे गेले. अंगात मुरलेलं काढणं हे नवीन शिकवण्याहून अवघड. आणि सरूला आता दाखवायचं नव्हतं, सांगायचं होतं. शब्द तिच्याकडे नव्हते. "जरा असं" आणि "जरा तसं" याने काही होत नव्हतं. रात्री जेवताना ती महिपतीला विचारायची, टाच टेकवून बोटांवर जोर घ्यायचा असेल तर ते कसं सांगायचं? महिपती म्हणायचा, कंपनीत पिंप कलतं करून फिरवताना आम्ही असाच पाय रोवायचो, सगळा भार पिंपाच्या बाजूला. तिने पोरींना ते सांगून पाहिलं. पोरींनी पिंप कधी फिरवलं नव्हतं. मग तिने मैदानाच्या कोपऱ्यातली पाण्याची टाकी ढकलायला लावली. तेव्हा कुठे पाय कुठे रोवायचा ते त्यांना कळलं. समोरून बघताना तिला आणखीही गोष्टी दिसल्या. कोण डोळे मिटते, कोण श्वास आधी सोडते, कोण घोट्याऐवजी तोंडाकडे बघते. इतकी वर्षं हे सगळं तिच्या पाठीमागे चाललं होतं.

हंगाम संपेतो खांबचा संघ आणखी दोन मॅच हरला आणि एक जिंकला. ज्या हरल्या त्या उजवीकडून हरल्या. सरूला त्यात समाधान होतं. नवीन चूक म्हणजे काम पुढे सरकलं.

वाल घरात आले त्या दिवशी तिने पेणला फोन लावला.

"ठरलं, मावशी?" अनय डॉक्टरने विचारलं.

"ठरलं. तारीख द्या."

महिपती ओटीवर वाल निवडत होता. "मग काय झालं गो एवढ्यात? खाली बसायला येणार नाय म्हणून तर थांबली होतीस."

"खाली बसून मला पोरी दिसत नव्हत्या," सरू म्हणाली. "बसायचं काम त्यांचं हाय. माझं बघायचं."

"आणि दुखणं?"

"ते जाईल तर जाऊ दे."

ऑपरेशन झालं. व्यायाम करून घ्यायला सुरभी नावाची मुलगी यायची. ती पाय वाकवायला सांगायची, सरू वाकवायची, घाम यायचा. सुरभी म्हणायची, आज एवढं पुरे. सरू म्हणायची, "एवढं तर मी चहाच्या आधी करते." सुरभीने तिला सांगितलं की जास्त केलं तर सूज येते. सरूने ऐकलं. जेवढं सांगितलं तेवढंच, पण तेवढं पूर्ण. अर्धा वाकवलेला पाय ती मोजत नसे.

मेच्या शेवटी ती काठी घेऊन मैदानावर गेली. ऊन उतरलं होतं. सुट्टीत दोन नव्या पोरी आल्या होत्या. त्यांतली एक म्हणाली, "मावशी, एकदा करून दाखवा ना."

"मनाली दाखवील."

मनाली नव्या पोरींकडे तोंड करून खाली गेली. दोन्ही पाय रोवलेले, भार मधोमध. सरूने खुर्ची ओढली, बसली, काठी मांडीवर आडवी घेतली. मनालीचा डावा खांदा किंचित उचललेला होता.

"खांदा," सरू म्हणाली. "हां. आता सगळ्या."