चौदा त्रिक बेचाळीस आणि एक

आमचा सार्जंट माणसांना मेंढरांसारखं मोजायचा. आखातातल्या मीना सलमान बंदरावर, गोदामाबाहेर, अंग भाजून काढणाऱ्या उन्हात, तो बसच्या दाराशी आडवा हात धरून उभा राहायचा. "तीन. तीन. तीन." हिंदीतला तेवढाच आकडा त्याला यायचा. कुणी रांग मोडली की पुन्हा पहिल्यापासून. मी घड्याळ लावून पाहिलं होतं: रोज संध्याकाळी नऊ मिनिटं. महिन्याच्या सव्वीस दिवसांची दोनशे चौतीस.

मी तिथला अकाउंटंट. हजेरीचं यंत्र मीच आग्रहाने बसवून घेतलं होतं. माणसं त्रेचाळीस, कार्डं त्रेचाळीस. मग मोजायचं काय राहिलं? त्याला हे मी दहादा सांगितलं असेल.

"यंत्र कार्डं मोजतं, मेट," तो म्हणायचा. "मी डोकी मोजतो."

ऑस्ट्रेलियातल्या कुठल्याशा आडगावी त्याच्या बापाची मेंढरं होती. किराणा आणायचा तर सत्तर किलोमीटर जावं लागे. फाटकातून मेंढरं सोडली की तिकडे तीन-तीनने मोजतात. बापाने त्याला शिकवलं होतं, "घोळक्यातलं चुकत नाही. शेवटचं एकटं चुकतं." पुढे तो सैन्यात गेला, अफगाणिस्तानात ट्रकांची तुकडी सांभाळली आणि निवृत्त होऊन आमच्याकडे सुपरवायझर म्हणून आला. युद्धाबद्दल कुणी विचारलंच तर, "धूळ फार होती," एवढंच सांगायचा.

एकदा त्याला घरी जेवायला बोलावलं. पानं वाढली, वरण निवायला लागलं, तरी हा घासाला हात लावेना. "एक कमी आहे," म्हणाला. बायको स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होती. ती येऊन बसेपर्यंत त्याने आम्हा सगळ्यांना उपाशी ठेवलं. मी वैतागलो, ती मात्र खूश.

"वीस वर्षांत मला मोजणारा हा पहिलाच!" मला ऐकवून ती त्याला आणखी एक पोळी वाढायला उठली.

गेल्या जुलैत मात्र माझा संयम संपला. मुलीच्या शाळेत कार्यक्रम होता, मला सहाला पोहोचायचं होतं, आणि माझ्या सहीच्या चिठ्ठीशिवाय बस सुटत नव्हती. सार्जंट म्हणाला, "चौदा तीन. एक नाही."

मी यंत्राचा कागद त्याच्या नाकासमोर धरला. त्रेचाळीस. त्याने पुन्हा मोजलं. पुन्हा चौदा तीन. ड्रायव्हर करीमने हॉर्न वाजवला. "यल्ला, साब, चलो!"

"खलास!" मी ओरडलो. "यंत्र खोटं बोलतं का? सोड रे बस." आणि सही ठोकली.

सार्जंट बससमोर गेला आणि साठीचा तो माणूस तापलेल्या डांबरावर मांडी घालून बसला.

आतून एक हमाल खाली उतरला. मान वर न करता म्हणाला, "साब, रफीकभाई का कार्ड मैंने मारा. वो बोला, तू मार दे, मैं डिब्बा लेके आता हूँ."

रफीकभाई मागच्या आवारातल्या कंटेनरमध्ये सापडला. जेवणाचा डबा उचलायला गेला, दार मागून लागलं, आणि आतल्या उष्म्याने तो कोसळला. श्वास चालू होता. माझ्या सहीवर बस गेली असती तर दार सकाळी उघडलं असतं.

हॉस्पिटलच्या बाकावर सार्जंट माझ्या शेजारी बसला. मला वाटलं, आता हा सुनावणार.

"अफगाणिस्तानात एकदा मलाही घाई होती," तो म्हणाला. "मोजलं नाही. यादीवर खुणा होत्या, त्या पाहून निघालो. एक जण मागे राहिला."

"मग?"

"सकाळी आणला."

आला नव्हता; आणला होता.

मागच्या महिन्यात त्याचा करार संपला. विमानतळावर सगळे बसने गेले, रफीकभाईसुद्धा. मी माझ्या गाडीने. निरोपाचं बोलणं त्याला जमत नव्हतं. आत जाता जाता तो वळला आणि बोट फिरवत सगळ्यांना मोजू लागला. "चौदा तीन," म्हणाला. मग रफीकभाईवर बोट थांबलं. "एक." शेवटी माझ्यावर. "आणि एक." आणि गेला.

आता बसच्या दाराशी मी उभा असतो. करीम हॉर्न वाजवतो. "साब, मशीन है ना!"

मशीन आहे. रांग मोडली की मीही पहिल्यापासून सुरू करतो. मला अकरा मिनिटं लागतात.