दोडक्याचं इंग्रजी

गॅलरीतल्या वेलावर आज तिन्हीसांजेला दोडक्याचं पिवळं फूल उमललं आणि मी मनानं थेट मेडशीच्या माझ्या लहानपणीच्या शाळेत जाऊन बसले.

सर सांगत होते, ‘व्हेस्परटाइन’ हा इंग्रजीतला जुना शब्द. आधी नुसता ‘सांजेचा’, पुढे सांजेला उमलणाऱ्या फुलांसाठीही वापरू लागले. उदाहरण विचारताच मी ओरडले, “दोडका!”

वर्ग खदखदून हसला. “दोडक्याले कायले पायजे इंग्रजी?”

मी हट्टानं सगळ्यांना, सरांनासुद्धा, सांजेला आमच्या अंगणातल्या दोडक्याच्या मांडवाखाली उभं केलं. ही फुलं उमलली की माय चूल पेटवायची. ऊन उतरलं आणि बघता बघता मांडव पिवळा झाला. टाळ्याच टाळ्या!

“काय झालं वं?” माय धावत आली.

“तुमचा दोडका इंग्रजीत पास झाला,” सर म्हणाले.

आज वाटतं, पास तर तो इंग्रजी शब्द झाला होता, आमच्या मांडवाखाली.