अडकलेले होकार

आमच्या समाजाच्या वधू-वर वेबसाइटचं तांत्रिक काम पाहणारा कतारगामचा तो माणूस कधी घाईत दिसत नाही. गुजरातीत 'जुओ', म्हणजे 'बघा', म्हटल्याशिवाय बोलत नाही, चहा गार झाल्याशिवाय पीत नाही.

स्थळांचे निरोप पोचवायची जबाबदारी माझी; त्या दिवशी मात्र माझा जीव थाऱ्यावर नव्हता. मुलाकडचा होकार मुलीकडे कळवणारी स्क्रिप्ट 'पाठवला' असं दाखवत होती, पण सर्व्हरवरून एकही ईमेल बाहेर गेला नव्हता. आमच्यात उत्तर आलं नाही की नकारच धरतात. मी त्या एका शब्दावर विसंबून निवांत बसलो होतो.

त्यानं सर्व्हरवरून मेल बाहेर जायची बंद पडलेली वाट, ते पोर्ट, शोधून चालू करून घेतलं.

"आता अडकलेले सगळे मेल पाठवून द्या," मी म्हणालो.

"जुओ भाऊ, एखादीचं रागारागानं दुसरीकडे ठरलं असेल तर? आधी फोन करा. मेलच्या मागं काय लपता?"

मी खरंच लपत होतो. त्यानं अडकलेल्यांपैकी नवागामच्या एका मुलीच्या घरचा नंबर लावून फोन माझ्या हातात दिला. मुलीच्या वडिलांना मी चूक सांगितली. पलीकडे खडखडणारा लूम, म्हणजे यंत्रमाग, त्यांनी बंद केला.

"पोर धड जेवत नही, दादा," ते म्हणाले. "आते तुम्हीच सांगा तिले."

आणि त्यांनी फोन तिच्याकडे दिला.