गळाला न लागणाऱ्या माद्या

लालबागच्या आमच्या घरात रविवारची दुपार तिखट वासानेच उतरायची. खाली मसाल्याच्या डंकावर भाजलेली मिरची कुटली जाई आणि खिडकीचे गजसुद्धा ठसकल्यासारखे वाटत. त्या वासातूनच ती यायची, माझ्या नवऱ्याची सहकारी, काळाचौकीहून चालत. मग जेवणाच्या टेबलावर दोन लॅपटॉप उघडत आणि माझ्या घरात एक तळे पसरे.

उपनगरातल्या त्या तळ्यात चिलापी शिरली होती. बाहेरून आलेल्या या माशाने मूळच्या माशांना हुसकावले होते. फक्त नर पिल्लेच निपजवणारे चिलापी पाण्यात सोडले, तर माद्या घटत जाऊन मूळचे मासे केव्हा परततील, याचे गणिती प्रारूप ते दोघे बांधत होते.

"नर वाढले की घरट्यांसाठी तळ जास्त उकरणार," ती म्हणे.

"म्हणजे पाणी आधी गढूळ, मग निवळ," तो तिचे वाक्य पुरे करी. 'निवळ' हा शब्द त्याच्या ओठांवर इतका सुंदर लागतो, हे मला तिच्यामुळे कळावे, ही जळजळ मिरचीची नव्हती.

प्रारूप पुरे झाले की रविवार पुन्हा माझे होणार होते. मी त्याचीच वाट पाहत होते.

एकदा टेबलावर चहा ठेवताना मी लॅपटॉपच्या पडद्याकडे पाहिले. "माद्या इतक्या कमी?"

"गळाला लागलेले मासे मोजलेत ना, वहिनी."

चिलापीची मादी अंडी तोंडात सांभाळते आणि तोवर उपाशी राहते, हे त्यांच्याच बोलण्यातून माझ्या मनात रुतले होते. मी म्हटले, "मग तोंडात अंडी धरलेली मादी गळाचं आमिष खाईल कशाला?"



"आपण दोघं येडे आहोत," ती त्याला म्हणाली आणि हसली.

त्याने माझ्याकडे पाहिले, चहाच्या वाफेपलीकडून, पुरते. क्षणभर ते तळे माझे होते. मग तो तिच्याकडे वळला. "माद्या कमी धरल्या आपण. जाळं टाकून पुन्हा मोजायचं, सगळं गणित नव्याने मांडायचं."

"म्हणजे अजून कितीतरी रविवार. चालेल ना, वहिनी?"

"चालेल की," मी म्हटले आणि तिच्या कपात साखर घातली.

"अगं," तो पडद्यावरची नजर न काढता म्हणाला, "तिला बिनसाखरेचा लागतो."