थंड भट्टीचं चालू कर्ज

बँकेच्या मुख्य कचेरीत लिफ्टच्या खडखडाटाला खेटून तिचं टेबल होतं. काम एकच. दिलेल्या कर्जांपैकी कोणती परत येण्याची आशा नाही ते ओळखायचं आणि तेवढी रक्कम नफ्यातून आधीच बाजूला काढायला लावायची. याला तरतूद म्हणतात. शेजाऱ्याने शिडी नेली आणि आता तो दार उघडेना, तर नवी शिडी घ्यायला पैसे राखून ठेवायचे, इतकी साधी गोष्ट. पण तरतूद वाढली की नफा घटतो, आणि नफा घटला की बोनस. म्हणून सहकारी तिला ‘मांजर’ म्हणायचे. आडवी गेली की नफा आल्या वाटेने परततो.

“आज कुणाला आडव्या जाणार?” कॅन्टीनमध्ये रोखपाल विचारी.

“तुमच्या दुसऱ्या चहाला,” ती म्हणे.

नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. ती थोरल्या बहिणीकडे राहायची. ताई शाळांचे गणवेश शिवायची. शिलाईच्या मशीनवर उभं आयुष्य काढून साठवलेला पैसा ताईने हिच्याच बँकेत ठेवला होता, तोही हिच्याच शब्दावर. आता ताईची नजर साथ देईना. त्या ठेवीच्या व्याजावर जगायचं आणि मशीन विकून टाकायचं, असं तिने ठरवलं होतं.

बँकेचं सगळ्यात मोठं कर्ज फरश्यांच्या एका कारखान्याकडे होतं. त्याचे हप्ते थांबले. तीन महिने हप्ता चुकला की कर्ज थकीत धरून तरतूद सुरू करायची, असा नियम. पण बँकेत एक रीत रुळली होती. मुदत भरत आली की मालकाच्या भावाच्या नावाने नवं कर्ज द्यायचं आणि त्यातून जुने हप्ते भरून घ्यायचे. कागदावर जुनं कर्ज ठणठणीत. या खिशातलं त्या खिशात घालून बँक म्हणायची, वसुली झाली.

या खेपेला ती स्वतः कारखाना पाहायला गेली.

“भट्टी कालच विझवली, डागडुजीला,” मालक म्हणाला.

तिने भट्टीच्या लोखंडी दाराला तळहात लावला. एवढी मोठी भट्टी विझवल्यावर आठवडाभर धग सोडत नाही. ही गारढोण होती. आत डोकावली तर कोळ्यांनी संसार थाटलेले.

कर्ज बुडीत धरावं, असा शेरा तिने लिहिला. मोठ्या साहेबांनी बोलावून घेतलं.

“बाई, भट्टी गार पडते, धंदा गार पडत नाही.”

“मग धंदा कुठे आहे ते दाखवा साहेब, तिथे हात लावून बघते.”

“तरतूद केली तर यंदा तोटा दिसेल. लोक ठेवी काढायला धावतील. बँक बुडवायचीय का तुम्हाला?”

“बुडालेल्याला बुडालं म्हटलं तर उरलेलं तरी वाचेल.”

“शेरा बदला आणि सही करा. नाहीतर दुसरा कुणी करेल.”

दुसऱ्याने केली. नफा जाहीर झाला, वार्षिक सभेत टाळ्या पडल्या, बोनस वाटला गेला. साहेबांना सगळ्यात मोठा. तिची बदली कागद-पेन्सिलींच्या कोठारात झाली. देशातल्या बँकांवर देखरेख ठेवणाऱ्या कचेरीला तिने सगळं लिहून कळवलं. तिकडून पोच आली. पोचेपलीकडे काही आलं नाही.

एका संध्याकाळी जेवताना ताई म्हणाली, “बँकेचं बरं चाललंय ना गं? मशीनला गिऱ्हाईक आलंय.”

कचेरीत कळलेली गोष्ट आपल्या माणसांच्या फायद्यासाठी वापरायची नाही, असं तिने नोकरीला लागताना लिहून दिलं होतं. ती मान खाली घालून जेवत राहिली. “मशीन इतक्यात विकू नकोस,” एवढंच बोलली.

पुढच्या वर्षी कारखान्याला टाळं लागलं आणि पाठोपाठ बँकेच्या दारावर पोलीस उभे राहिले. राखून ठेवलेलं काहीच नव्हतं. बँक वाचवायची म्हणून ठेवीदारांच्या ठेवींतून मोठा हिस्सा कापला गेला. म्हणजे तरतूद शेवटी झालीच. नफ्यातून वर्षानुवर्षं व्हायची ती एका हुकुमाने शिंपिणीच्या, गवंड्याच्या, निवृत्त मास्तरांच्या पैशातून झाली. वाटलेला बोनस कुणाकडूनही परत मागितला नाही. चौकशीच्या अहवालात कारण लिहिलं, ‘बाजारातील प्रतिकूल परिस्थिती’. संचालकांच्या सासुरवाडीच्या ठेवी महिनाभर आधीच निघाल्या होत्या, हेही त्याच अहवालात आहे, तळटिपेत. साहेब पूर्ण पेन्शनीवर घरी बसले.

तिने रांगेत ताईशेजारी उभं राहून उरलेली रक्कम काढली. घरी आल्यावर ताईने चपला काढायच्या आतच विचारलं.

“तुला माहीत होतं?”

“होतं.”

“आणि मला बोलली नाहीस.”

“बोलले असते, तर त्यांच्यात आणि माझ्यात काय फरक उरला असता, ताई?”

“बरं. त्या फरकावर व्याज किती टक्के मिळतं?”

अंगावरची साडीही न बदलता ताई मशीनसमोर बसली. सुईचं नाक तिला दिसेना. दोरा तीनदा हुकला, तरी तिने हाक मारली नाही. चौथ्यांदा धाकटीने हात पुढे केला, तेव्हा ताईने दोरा आपल्याकडे ओढून घेतला.